चढावर का थांबलात?

९ जानेवारी

वन्संना,
वयाने आशीर्वाद, मानाने नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. आगगाडी चुकली नाही हे ऐकून जीव भांड्यात पडला.

फोन करणार होते. पण फोन ह्यांच्या खुर्चीजवळ असतो, आणि मला जे विचारायचं आहे ते ह्यांच्या कानावर नको. शिवाय फोनवर बोललेलं उरत नाही, कागद उरतो. वाणसामानाच्या बिलाच्या पाठीवर लिहिते आहे म्हणून हसू नका, ही बाजू कोरीच आहे.

तुम्हाला दुसऱ्या वाहनात बसवून दिल्यावर आम्ही तासभर त्या चढावरच उभे होतो. मागून आदळलेला माणूस बरा वाटला. औषधं विकत दुकानं फिरणारा आहे. गळ्यात टाय, डोळ्यांत पाणी. हात जोडून म्हणाला, "काका, चूक माझी. मी फोनकडे बघत होतो. काय होईल ते मी भरून देतो." ह्यांनी त्याचा नंबर घेतला, आपला दिला, त्याला पाणी पाजलं आणि सोडून दिला. मी म्हटलं, कागदावर लिहून तरी घ्या. तर म्हणाले, "माणूस रडतोय आणि मी त्याच्यापुढे कागद धरू?" झालं.

मागचा बंपर डावीकडून आत गेला आहे, डावा दिवा फुटला, डिकी लागत नाही. ती मी सुतळीने बांधून टाकली. गॅरेजवाला म्हणतो, चार दिवसांचं काम. देवाच्या दयेने कोणाला खरचटलंही नाही. तुमची मान कशी आहे?

आता विचारायचं ते. विम्याच्या फॉर्मात एक रकाना आहे, अपघात कसा झाला ते सविस्तर लिहा. मी ह्यांना तीनदा विचारलं. हे म्हणतात, "थांबलो. मागून आला." का थांबलात? तर उत्तर नाही. मी पुढे शेजारीच होते, पण माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. गाडीत बसलं की डोळे मिटून नामाला लागते, उतरायचं ठिकाण आलं की उघडते. तुम्ही बहीण-भाऊ काहीतरी बोलत होतात एवढं कानावर पडलं, मनात शिरलं नाही. मग दणका. डोळे उघडेपर्यंत सगळं होऊन गेलेलं.

तुम्ही मागे बसला होतात. बघितलं असेल. दोन ओळी लिहून पाठवाल का?

तुमची वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

तुझ्या पत्राच्या पाठीवर साबणचुरा आणि हिंग वाचून बरं वाटलं. अजून तीच कंपनी, तोच हिंग.

मान ठीक आहे. इथे ग्रंथालयात वर्षाची मोजणी सुरू झाली आहे. बारा हजार पुस्तकं, एकेक काढून, धूळ झटकून, नोंदवहीत खूण करून परत ठेवायची. संध्याकाळी बोटांची टोकं काळी आणि डोकं रिकामं. निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत, ते तेवढे ढकलायचे.

अपघाताचं म्हणशील तर मागचा येऊन आदळला, यात सविस्तर लिहिण्यासारखं काय आहे? कागद मागणं हा विमावाल्यांचा धंदाच आहे. दादा एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्याला रस्त्यावरचं मी काय सांगणार? मी त्या वेळी पर्समध्ये काहीतरी शोधत होते. फारसं बघितलं नाही.

दादाला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव आणि फार विचार करू नकोस.

तुझी नणंद


२४ जानेवारी

वन्संना नमस्कार आणि आशीर्वाद.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती आधी कबूल करते.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावून बाहेर आले, तर दारात गाडी तशीच. बंपरवर वीतभर लांब निळा पट्टा ओढलेला. त्या टायवाल्याच्या गाडीचा रंग. मला ते बघवेना. गाडी जुनी असो, चेपलेली असो, पण दारातली वस्तू मळकी दिसू नये, असं माझं आहे. सोडा आणि एक फाटकी बनियन घेऊन बसले आणि अर्धा तास घासून पट्टा उडवला. फुटक्या दिव्याचे तुकडे कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून कागदात बांधून टाकून दिले. हे सगळं केलं, आणि मग विम्याचा सर्व्हेअर गाडी बघायला आला.

तिशीतला असेल, पाठीला पिशवी, डोळे तांबारलेले. दिवसातली नववी गाडी म्हणाला. गाडीमागे वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"आजी, हे कोणी साफ केलं?"

"मी."

"कशाने?"

"सोड्याने. चांगला निघतो."

"आजी, तुम्ही पुरावा धुतलात."

"मी मळ धुतला," मी म्हटलं.

हसला नाही बिचारा. हसायचंही त्राण नव्हतं. मग त्याने सांगितलं ते ऐकून मी पायरीवरच बसले. त्या टायवाल्याने आपल्या विमा कंपनीला लिहून दिलं आहे की तो मागे नीट उभा होता आणि आपली गाडी चढावरून मागे घरंगळून त्याच्यावर आदळली. हात जोडून रडलेला माणूस! निळा पट्टा असता तर त्याच्या खुणेवरून कोण कुठून आलं ते कळलं असतं म्हणे. आता माझी बनियन आणि त्याचा शब्द.

सर्व्हेअरने ह्यांना विचारलं, "काका, चढावर मधेच का थांबलात? तिथे सिग्नल नाही, वळण नाही, दुकानही नाही."

हे भिंतीकडे बघत राहिले. मी चहा आणला, चहा गार झाला.

शेवटी तो मला म्हणाला, "गाडी मागे घरंगळली नाही असं सांगणारं कोणी होतं?" मी म्हटलं, मागे नणंद होती. "मग त्यांचा जबाब आणा, थांबण्याच्या कारणासकट. चढावर विनाकारण थांबलेली गाडी म्हटलं की समोरची कंपनी हात वर करते आणि आमचे साहेब फाईल मिटवतात. फेब्रुवारी अखेरपर्यंत आणा."

वन्सं, पर्समध्ये शोधत होतात हे मला कळलं. पण गाडी पुढे चालली होती की मागे, एवढं तर बसलेल्या माणसाला कळतंच. तेवढं लिहा. आणि का थांबलो, तेही.

वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

तू पुरावा धुतलास हे मी दोनदा वाचलं. ग्रंथालयातल्या मदतनीस बाईंना वाचून दाखवलं, त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या. रागावू नकोस. इथे हसायला फार कमी मिळतं.

उपाय सुचवते. त्या चढाच्या तोंडाशी टायरचं दुकान आहे, त्यांचा कॅमेरा असेल. पोलीस चौकीत साधी नोंद करून घे. टायवाल्याच्या कंपनीला रीतसर पत्र लिही, पोच घे, पोचेची प्रत ठेव. अशी पत्रं मी आयुष्यभर लिहिली आहेत, मसुदा सोबत पाठवते.

जबाबाचं मात्र राहू दे. मला खरंच नीट आठवत नाही. नीट आठवत नसताना सही करणं तुलाही पटणार नाही.

दादा काय म्हणतो? माझ्याबद्दल काही बोलला का?

तुझी नणंद


१३ फेब्रुवारी

वन्संना,

तुमच्या मसुद्याप्रमाणे सगळं केलं. टायरच्या दुकानाचा कॅमेरा आठ दिवसांचंच साठवतो. चौकीत हवालदार म्हणाला, "आजी, महिना उलटल्यावर अपघात आठवला?" टायवाल्याच्या कंपनीच्या खिडकीत जी मुलगी बसते ती म्हणते तुमच्या कंपनीकडे जा, आपल्या कंपनीतला म्हणतो त्यांच्याकडे जा. दोन कचेऱ्यांमध्ये तीन मजले आणि एक पूल आहे. मी माझ्या वहीत खेपा लिहिते. काल सातवी झाली. परत येताना पुलावर कठड्याला टेकून नुसती उभी राहिले. नाम घ्यायचंही सुचेना.

पण हे सगळं चालून जाईल. घरात जे चाललं आहे ते चालेनासं झालं आहे.

रविवारी लेक आणि जावई आले होते. लेक वाईट नाही हो, बँकेत दिवसभर लोकांचं ऐकून घेते आणि उरलेलं आमच्यावर काढते. आल्या आल्या बापासमोर बसली.

"बाबा, खरं सांगा. अंधारी आली होती का?"

"नाही."

"छातीत काही?"

"नाही."

"मग भर रस्त्यात उगाच कोण थांबतं? तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात. आज मागून कोणी आलं, उद्या पुढून येईल."

जावई म्हणाले, त्यांच्या ओळखीचा एक जुन्या गाड्या घेणारा आहे, आहे तशी उचलेल. दुरुस्ती नको, विमा नको, खेपा नकोत. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, माझ्यासाठी," म्हणाली. हे उठले, खिशातली किल्ली काढली आणि तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं, ह्या माणसाने एवढी वर्षं रोज सव्वाचारला उठून बस काढली, आणि आता घरातून बाहेर पडायला लेकीची परवानगी लागणार.

भिंतीवरचा तो डेपोचा कागद तुम्हाला ठाऊक आहे, सेवेत एकही अपघात नाही असं लिहिलेला. सर्व्हेअर आला तेव्हा हे त्याच्याकडेच बघत होते. रविवारी रात्री जेवून झाल्यावर तो काढून कपाटात ठेवला. भिंतीवर चौकोन तेवढा पांढरा राहिला आहे.

फॉर्मवर सहीसुद्धा करत नाहीत. खाली एक ओळ छापलेली आहे, "सदर अपघातात माझा दोष नाही." त्या ओळीवर अडले आहेत. मी म्हटलं, अहो, मागून तो आदळला, दोष तुमचा कसा? तेव्हा कुठे बोलले. म्हणाले, "बसमध्ये लोक दिवसातून शंभरदा ओरडायचे, थांबवा, थांबवा. थांब्याशिवाय मी एकदाही ब्रेक दाबला नाही. आधी आरसा बघायचा, मग दाबायचा. त्या दिवशी आरसा न बघता दाबला. पाय माझा होता. आणि गाडीत कोण काय म्हणालं ते चालकाने बाहेर सांगायचं नसतं."

एवढं बोलून पाणी प्यायले आणि झोपले.

वन्सं, म्हणजे गाडीत कोणीतरी थांबा म्हणालं. गाडीत आम्ही तिघं. एक चालक, एक नामात. उरलं कोण?

मी रागावलेली नाही. दमले आहे. जुन्या गाड्या घेणारा मार्चच्या मध्याला येतो आहे. त्याआधी कागद पुरा झाला तर किल्ली परत मागता येईल. नाहीतर येणार नाही.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

जबाब सोबत आहे. ग्रंथालयाच्या शिक्क्यानिशी. "दिनांक सहा जानेवारी रोजी सकाळी गाडी चढावर पुढे जात असताना अचानक एक कुत्रे आडवे आले. मी मागील आसनावरून 'थांब' असे ओरडले. भावाने तत्काळ ब्रेक दाबला. गाडी जागीच थांबली. ती मागे घरंगळली नाही. त्यानंतर मागून धडक बसली."

एवढ्यात भागेल. लेकीला सांग, आत्यानेच ओरडून सांगितलं होतं, बाबांना काही झालं नव्हतं. मोजणी अजून चालू आहे म्हणून इतकंच.

तुझी नणंद


२६ फेब्रुवारी

वन्संना,

तुमचा जबाब परत पाठवते आहे. सांगते काय झालं.

पाकीट आलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. ह्यांना वाचून दाखवलं नाही. म्हटलं, थेट कचेरीत जाऊ, काम होऊ दे, मग सांगू. काही कारण सांगून ह्यांना बरोबर नेलं. आठवी खेप. सर्व्हेअर जागेवर होता, समोर डबा उघडा, एक घास खाल्लेला. त्याने जबाब मोठ्याने वाचला. कुत्र्यापाशी आल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला.

"हे आधी नाही का सांगायचं? काका, कुत्र्याला लागलं नाही ना?"

"कुत्रं नव्हतं," हे म्हणाले.

सर्व्हेअरने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तो म्हणाला, "काका, नीट आठवा. छोटं असेल."

"छोटं नव्हतं, मोठं नव्हतं. कुत्रंच नव्हतं."

शेजारच्या टेबलावरचा कारकून खोकल्याचं सोंग करून हसत होता. सर्व्हेअरने डब्याला झाकण लावलं. माणूस चांगला म्हणून जबाब फाईलला लावला नाही, घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाला, "आजी, हा मी बघितलाच नाही. दहा मार्चपर्यंत थांबतो. खरं काय ते आणा, नाहीतर काहीच आणू नका."

बाहेर आल्यावर हे मला एवढंच म्हणाले, "तिला त्रास देऊ नकोस." गाडी बिघडली ह्यांची, भिंत रिकामी झाली ह्यांची, आणि त्रास तुम्हाला होऊ नये!

वन्सं, मी मॅट्रिक झालेली बाई, मला कायदा कळत नाही. पण मी पस्तीस वर्षं तुम्हाला ओळखते. तुम्ही पुस्तकाचं फाटलेलं पानसुद्धा फाटलं आहे असं लिहून ठेवता. तुम्ही कुत्रं बनवलंत, म्हणजे त्या कुत्र्याच्या मागे काहीतरी आहे. तुम्हाला ते विम्याच्या कागदावर लिहायचं नसेल तर लिहू नका. गाडी गेली तर जाऊ दे, लोखंडच ते. पण मला लिहा.

वहिनी


३ मार्च

वहिनी,

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे.

कुत्रं नव्हतं. तिकीट होतं.

चढ लागला तेव्हा मी पर्समध्ये तिकीट बघायला हात घातला आणि मिळालं नाही. सगळं बाहेर काढलं. चष्म्याचं घर, रुमाल, गोळ्या, किल्ल्या. मी दादाचा खांदा धरला आणि म्हणाले, "थांब, थांब, तिकीट घरी राहिलं." त्याने ब्रेक दाबला. मग दणका. दणक्याने माझी मूठ उघडली आणि तिकीट सीटवर पडलं.

ते माझ्या हातात होतं, वहिनी. उजव्या हातात घट्ट धरून मी डाव्या हाताने पर्स उपसत होते.

दादाने वळून बघितलं. त्याने सगळं बघितलं. तू तेव्हा दार उघडून उतरत होतीस. त्याने ते तिकीट उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं, माझी बोटं मिटली आणि म्हणाला, "जा, गाडी चुकेल. इकडचं मी बघतो." मी गेले. त्याला तिथे उभा टाकून गेले.

असं एकदाच झालं असतं तर मी पहिल्याच पत्रात लिहून हसले असते. हे वर्षभर चाललं आहे. चष्मा कार्डांच्या खणात सापडतो. वाचकाशी बोलत असते आणि त्याने मागितलेलं नाव निसटतं. नोव्हेंबरमध्ये घरी येताना दोन थांबे आधी उतरले आणि कुठल्या बाजूला चालायचं ते कळेना. पंधरा वर्षं मी त्याच रस्त्याने येते. एका फळवाल्याला विचारलं तर त्याला वाटलं मी गंमत करते आहे. यंदा मोजणीत दोन कपाटं मी दोनदा मोजली. मदतनीस बाईंनी गुपचूप खोडून दुरुस्त केली. त्या मला काही म्हणत नाहीत, तेच मला जास्त लागतं.

घरात मी दारावर, गॅसजवळ, कपाटावर चिठ्ठ्या लावल्या आहेत. कोणी आलं की आधी चिठ्ठ्या काढते. म्हणून गेल्या वर्षी तुम्ही येतो म्हणालात तेव्हा नको म्हटलं. रंगकाम चाललंय असं सांगितलं. रंगकाम नव्हतं.

मी एकटी राहते. माझं माझं कमावते, माझं माझं दार लावते. हे एकदा कागदावर आलं की ते दार मला कोण लावू देईल? भाची दादासमोर बसली तशी माझ्यासमोर बसेल. मला सगळ्यांत भीती त्याची वाटली. आणि माझ्याऐवजी ती दादासमोर बसली, आणि तो गप्प राहिला. तू ते लिहिलंस त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलेलं नाही.

खरा जबाब सोबत आहे. तिकीट, हात, खांदा, सगळं लिहिलं आहे. शिक्का नाही, साधी सही. माझा कोणी दोष धरला आणि क्लेम बुडाला तर ते पैसे मी देईन, आणि तू नाही म्हणायचं नाहीस. जबाब भाचीसमोर वाच. हे पत्र दादाला वाचायचं असेल तर वाचू दे.

तुझी नणंद


१२ मार्च

वन्संना,

तुमचं पत्र मी एकटीने वाचलं. मग देवापुढे बसले. मागायला काही सुचेना, म्हणून नुसतीच बसले. मग ह्यांच्या हातात दिलं.

ह्यांनी ते सावकाश वाचलं. पानं संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचलं. फळवाल्याच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे नोव्हेंबरात?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "पेन दे." मी जबाबाचा कागद पुढे केला, तर तो बाजूला सारून विम्याचा फॉर्म ओढला आणि खाली सही केली. "माझा दोष नाही" त्या ओळीखालीच. ओळ वाचलीसुद्धा नाही. नऊ आठवडे ज्या ओळीवर हा माणूस अडून बसला होता! मी म्हटलं, अहो, वाचा तरी. म्हणाले, "गाडी लवकर पाहिजे."

नवव्या खेपेला मी एकटीच गेले. सर्व्हेअरने तुमचा जबाब वाचला, वर बघितलं, परत वाचला.

"एवढंच?" म्हणाला.

"एवढंच."

"अहो आजी, तिकीट राहिलं म्हणून थांबलात काय आणि उचकी लागली म्हणून थांबलात काय. मागच्याने अंतर ठेवायचं असतं. आम्हाला फक्त कारण लिहिलेलं लागतं. यात काकांचाही दोष नाही, जबाब देणाऱ्या बाईंचाही नाही. यासाठी तुम्ही दोन महिने घातलेत?"

मी म्हटलं, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही." तो म्हणाला, "आम्हाला कोणी विचारलंच नाही." दोघांनाही हसू आलं, पण हसलं कोणीच नाही. टायवाल्याला त्याच्या विमा कंपनीने पुन्हा बोलावलं तेव्हा त्याने फोनचं कबूल केलं म्हणे. नोकरी जाईल या भीतीने खोटं बोललो म्हणाला. मी त्याच्यावर रागवायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

लेक संध्याकाळी आली. जबाब वाचला. मग पर्समधून किल्ली काढून बापाच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?" हे म्हणाले, "तू मला विचारत होतीस. माझ्याबद्दल सांगितलं ना, काही झालं नव्हतं." ती रडली. तुमच्या वर्षभराचं मी थोडक्यात सांगितलं, तेव्हा डोळे पुसून तिनेच तिच्या बँकेतल्या कोणाकडून तुमच्या गावच्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर काढला.

आता मी माझं सांगते. तुम्ही इथे तेरा दिवस होतात. तेरा दिवसांत तुम्ही मला चार वेळा विचारलंत की ह्यांना निवृत्त होऊन किती वर्षं झाली. चारही वेळा मी सांगितलं, आणि चौथ्या वेळी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले. विचारलं असतं तर तुम्हाला वाईट वाटेल असं मनाला समजावलं. खरं म्हणजे उत्तर ऐकायची मला भीती वाटली. तुम्ही लपवलंत तसं मीही लपवलं. तुम्ही एकट्या घाबरत होतात, मी इथे घाबरत होते. एकत्र घाबरलो असतो तर निदान थोडं बोललो असतो.

तुमचं दार तुमच्याकडून कोणी काढून घेणार नाही. ते तुम्ही ठरवाल, आणि आम्ही तुमच्याशी भांडू, आणि मग तुम्ही ठरवाल तसंच होईल. पण डॉक्टरांकडे जायचं आहे. वेळ सोमवारी सकाळी साडेदहाची घेतली आहे, तुम्हाला न विचारता.

गाडी आज मिळाली. नवीन रंग जुन्याशी जुळलेला नाही, उन्हात फरक दिसतो. गॅरेजवाला म्हणाला, पुन्हा मारून देतो, आणखी आठवडा लागेल. हे म्हणाले, नको. दुपारी एकटेच घेऊन गेले, तासाभराने परत आले, हात धुतले आणि जेवायला बसले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी पहाटे निघतो. सहा तासांचा रस्ता आहे. हे कालपासून नकाशा उघडून बसले आहेत. तुमच्या त्या थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता तुमच्याबरोबर चालून बघायचा आहे म्हणतात, दोन्ही बाजूंनी. मी म्हटलं, गुडघ्याचं काय? तर ऐकलंच नाही.

घर आवरू नका. भिंतीवरचं, दारावरचं, गॅसजवळचं काही काढू नका, सगळं जसं आहे तसं असू द्या. स्वयंपाक करू नका, डबा मी आणते. आम्ही येईपर्यंत फक्त घरी असा.

वहिनी